वाचनालयाचा जुना बारकोड डिकोडर चालू करताना: उदगीरच्या नोंदी

आमच्या वाचनालयात साधारण ११,४०० पुस्तकं आहेत आणि देवघेव अजून रजिस्टरवर चालते. लातूरच्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या मालकाने त्याची जुनी बारकोड गन आणि तिच्याबरोबरचा डिकोडर बॉक्स वाचनालयाला फुकट दिला. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. असलाच जुना बॉक्स कुणाच्या हाती लागला तर माझ्याइतका वेळ जाऊ नये, म्हणून लिहून ठेवतोय. एक आधीच सांगतो: इथे सगळे आकडे मराठीत लिहिलेत, लेबलांवर मात्र ते इंग्रजी आहेत. हा फरक २४ मार्चला महागात पडला.

३ मार्च २०२५, सोमवार

खोकं उघडलं. आत लेझर गन, तिच्या वायरीच्या टोकाला नऊ पिनांचा कनेक्टर, आणि साबणाच्या वडीएवढा काळा बॉक्स. बॉक्सला एकीकडे गनचं सॉकेट, दुसरीकडे जुन्या गोल कीबोर्ड पिनेची वायर, शिवाय कीबोर्ड जोडायला एक गोल भोक. म्हणजे कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांच्या मधे बसणारा मध्यस्थ. गनने वाचलेलं तो कीबोर्डवरून टाइप केल्यासारखं पुढे ढकलतो. मॅन्युअल नाही. अ‍ॅडॉप्टर आहे, पाच व्होल्टचा, वायर उंदराने कुरतडलेली. टेप लावून मल्टिमीटरवर पाहिलं, व्होल्टेज बरोबर येतंय.

५ मार्च

पहिली चूक. नऊ पिना दिसल्या म्हणून मी ते सीरियल पोर्ट (जुन्या कॉम्प्युटरला यंत्रं जोडायचं नऊ पिनांचं पोर्ट) धरून चाललो. सीरियल-यूएसबी कन्व्हर्टर घरात होता, गन सरळ त्याला जोडली. काहीच नाही. बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवायचा वेग, बदलून पाहिले, केबल उलटी करून पाहिली, रात्रीचे साडेअकरा वाजले.

मग बॉक्सच्या पाठीवरचा नंबर शोधून कंपनीचं मॅन्युअल मिळवलं तेव्हा कळलं की ही गन ‘अनडिकोडेड’ आहे. ती आकडे पाठवतच नाही. लेझर पट्ट्यांवरून फिरतो तेव्हा काळं-पांढरं, जाड-बारीक असा नुसता चढ-उतार वायरीतून जातो. त्याचा अर्थ लावायचं काम बॉक्सचं. पिना नऊ असल्या तरी ते सीरियल नव्हे, आणि खऱ्या सीरियल पोर्टवर पाच व्होल्टपेक्षा बरंच जास्त, शिवाय उलटसुलट व्होल्टेज असतं. गन जळली नाही हे आमचं नशीब. तुमच्याकडची गन अशी असेल तर तिला बॉक्सशिवाय कशातच खुपसू नका.

८ मार्च

वाचनालयाच्या कॉम्प्युटरला गोल कीबोर्ड पोर्ट नाही. ड्रॉवरमधे जांभळा गोल-ते-यूएसबी जोड सापडला, लावला, बॉक्स मेलेला. हा जोड म्हणजे आत फक्त तारा असतात. ज्या कीबोर्डला गोल पिनेची आणि यूएसबीची अशा दोन्ही भाषा येतात त्याच्यासाठीच तो. आमच्या बॉक्सला यूएसबी येत नाही. आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. उदगीरात दोन दुकानदारांनी मला परत तोच जांभळा जोड दाखवला. शेवटी लातूरहून आणला, ४५० रुपये.

१० मार्च

गन पेटली, लाल रेघ आली, पण ट्रिगर दाबला की कॉम्प्युटर ‘टुडुंग’ करून कन्व्हर्टर सोडून देतो. मी तो समोरच्या एक्स्टेन्शन हबला लावला होता, ज्यावर माऊस, पेन ड्राइव्ह आणि शिपाई मामांचा मोबाइल चार्जिंगला. मागच्या पोर्टला थेट लावला, बॉक्सला अ‍ॅडॉप्टर जोडला. थांबलं.

आता सेटिंग. हे बॉक्स सेटिंगसाठीही बारकोडच वाचतात: मॅन्युअलमधे ‘सेटिंग सुरू’चा एक कोड, मग हवा तो पर्याय, मग ‘सेटिंग संपलं’. मी मोबाइलच्या स्क्रीनवर मॅन्युअल उघडून गन रोखली. अर्धा तास. लेझर गन काचेच्या स्क्रीनवरचं वाचत नाही, तिला कागदावरून परत येणारा उजेड लागतो. प्रिंट काढून आणली, झेरॉक्सवाल्याने ‘पानात बसवून’ काढली आणि पट्ट्या इतक्या बारीक झाल्या की त्याही वाचेनात. पुन्हा, शंभर टक्के आकारात. ४० रुपये.

१२ मार्च

पहिला बीप! टेबलावर चहाबरोबरचा बिस्किटाचा पुडा होता, त्याच्यावरच मारला. नोटपॅडमधे ८९० ने सुरू होणारे आकडे आले. ग्रंथपाल बाईंनी टाळ्या वाजवल्या, शिपाई मामांनी स्वतःच्या तंबाखूच्या पुडीवर मारून पाहिलं.

पण तेरा हवेत, येतायत कधी बारा, कधी अकरा. पुड्यावरच्या कोडचा तेरावा आकडा तपासणीचा असतो, आधीच्या बारांवरून काढलेला. तो जुळल्याशिवाय बॉक्स बीप देतच नाही. म्हणजे बॉक्सने नीट वाचलंय आणि गळती त्याच्या पुढे आहे. बॉक्स भराभर टाइप करतोय, कन्व्हर्टरला तेवढ्या वेगाने उचलता येत नाही. मॅन्युअलमधे दोन अक्षरांमधल्या थांब्याची सेटिंग होती. १० मिलिसेकंद ठेवली. पन्नास वेळा मारून पाहिलं, पन्नासही वेळा तेरा आले.

मामा त्याआधी जे म्हणाले होते ते लिहून ठेवावंसं वाटतं: “सर, हे वाजूलालंय, पण समदं उमटंना गेलंय.” पुढच्या महिन्याभरातल्या अर्ध्या भानगडींचं निदान त्यांनी इथेच केलं होतं.

१५ मार्च

लेबलं. पुस्तकावर छापलेला आयएसबीएनचा (प्रकाशकाने पुस्तकाच्या आवृत्तीला दिलेल्या क्रमांकाचा) बारकोड का नाही वापरत, असं कार्यवाहांनी विचारलं. एक तर आमची निम्म्याहून जास्त पुस्तकं त्या काळाच्या आधीची, काहींवर तर निजामाच्या राज्यातले उर्दू शिक्के आहेत. आणि एकाच कादंबरीच्या पाच प्रती असतील तर पाचींचा आयएसबीएन एकच. आपल्याला प्रत ओळखायचीय. म्हणून दाखल क्रमांकच (पुस्तक आलं की रजिस्टरात पडणारा), पाच आकडी, कोड ३९ नावाच्या बारकोड प्रकारात. हा कोड निवडला कारण फॉन्टने छापता येतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. क्रमांकाच्या दोन्ही बाजूंना * हे चिन्ह टाकायचं की झालं.

एक्सेलने ०४१०१ चं ४१०१ करून टाकलं. पुढचं शून्य खाल्लं. टेक्स्ट फॉर्म्युल्याने पाच आकडे पक्के केले. पानाला पासष्ट स्टिकरवाली पानं आणली, इंकजेटवर ०४१०१ ते ०४२०० छापली. कथांच्या कपाटाचा तो पहिला खण.

१६ ते १८ मार्च

एकही लेबल वाचलं जाईना. म्हणजे जवळपास एकही.

भिंगातून पाहिलं तर इंकजेटची शाई स्टिकरच्या कागदात पसरून बारीक पट्ट्या फुगलेल्या. कारण सापडलं असं वाटलं. कॉलेजच्या लेझर प्रिंटरवर छापलं. पट्ट्या सुरेख. तरी वाचेना. फॉन्ट मोठा केला, गडद केला, गनची काच कापसाने पुसली, पंखा बंद करून गन दोन्ही हातांनी धरली. नऊ पानं वाया.

शंभरातली पाच लेबलं मात्र प्रत्येक छपाईत बिनचूक वाजायची, आणि प्रत्येक वेळी तीच पाच. वाजून नोटपॅडमधे चारच आकडे उमटायचे. ०४१२७ चं ०४१२. शेवटचा गायब. मी समजलो, परत कन्व्हर्टरची गळती. थांबा २० केला, ३० केला. तरी शेवटचाच गायब. गळतीला असा नेम नसतो हे तेव्हा डोक्यात यायला हवं होतं.

१८ तारखेला संध्याकाळी वैतागून ती पाच लेबलं एका कोऱ्या कागदावर ओळीने चिकटवली: ०४१०५, ०४११६, ०४१२७, ०४१३८, ०४१४९. अभ्यासिकेत बसणारी दहावीची मुलगी शेजारून जाताना म्हणाली, “सर, सगळ्यांत अकराचा फरक आहे.” आणि निघून गेली.

अकराचा फरक म्हणजे शेवटचा आकडा एकाने वाढतो तेव्हा त्याच्या आधीचाही एकाने वाढतो. ० + ४ + १ + २ = ७. शेवटचा आकडा ७. ० + ४ + १ + ३ = ८, शेवटचा ८. पाचही तसेच. पहिल्या चारांची बेरीज म्हणजे पाचवा.

कोड ३९ मधे एकूण ४३ चिन्हं असतात, आणि हवा असेल तर शेवटी एक तपासणीचं चिन्ह जोडता येतं: सगळ्यांच्या किमतींची बेरीज करायची, ४३ ने भागायचं, उरेल ती बाकी. आकड्याची किंमत तो आकडाच. जुन्या मालकाने बॉक्समधे ही तपासणी चालू करून ठेवली होती, आणि त्यापुढे ‘तपासणीचं चिन्ह पुढे पाठवू नको’ हेही. आमच्या लेबलात तसलं चिन्हच नाही. बॉक्स बिचारा आमचा शेवटचा आकडाच तपासणीचा समजत होता. योगायोगाने जुळला तर बीप, आणि सांगितल्याप्रमाणे तो आकडा कापून उरलेले पुढे. ०४१५० ते ०४१९९ मधे पहिल्या चारांची बेरीज दहा किंवा त्याहून जास्त होते, तिथे आकड्याऐवजी अक्षर लागतं, म्हणून त्या अर्ध्या शंभरात एकही वाजलं नाही.

‘कोड ३९ तपासणी बंद’. दोन सेकंदांचं काम. शंभरच्या शंभर वाजली, इंकजेटवाल्यांतलीही बरीच.

जुनं यंत्र हातात आलं की सगळ्यात आधी ‘फॅक्टरी डिफॉल्ट’चा, म्हणजे सगळी सेटिंग मुळातल्यासारखी करणारा, कोड मारायचा, हे मी दर वर्षी पोरांना शिकवतो. स्वतः केलं नाही. तीन दिवस आणि नऊ पानं गेली. ती मुलगी नंतर दिसली तेव्हा तिला पेढा दिला. कशाचा, हे तिला नीट कळलं नसावं.

२१ मार्च

कार्यकारिणीला लेबल ‘उघडंबोडकं’ वाटलं. वाचनालयाचं नाव आणि सभोवती चौकट हवी म्हणाले. चौकट घातली आणि दहातली सहा वाचेनाशी झाली. बारकोडच्या डाव्या-उजव्या अंगाला कोरी जागा लागते, सगळ्यात बारीक पट्टीच्या निदान दहापट. आमची बारीक पट्टी पाव मिलिमीटर, म्हणजे दोन्हीकडे अडीच-अडीच मिलिमीटर. कोड २८ मिलिमीटरचा, लेबल ३८ चं. जागा होती, पण चौकटीची उभी रेघ नेमकी त्या कोऱ्या पट्ट्यात आली आणि गन तिलाही कोडची पट्टी समजली. उभ्या रेघा काढल्या, वर-खाली आडव्या ठेवल्या. नाव वर, लहान. समितीही खूश, गनही.

२४ मार्च

आज खरी गंमत. एका विद्यार्थ्याने बनवून दिलेल्या सॉफ्टवेअरमधे पहिली शंभर पुस्तकं भरली, बाईंनी गन मारली: ‘असं पुस्तक नाही’. परत मारली. नाही. मला बोलावलं. मी मारली, लगेच सापडलं. त्यांनी मारली, नाही.

“सर, आकडा तर बरोबर दिसतोय की. ०४१२७ च आहे.”

दिसत होता बरोबर, म्हणूनच कळेना. बाई पुस्तकांची नावं मराठीत टाइप करतात, त्यामुळे त्यांचा कीबोर्ड इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीवर असतो. बॉक्स कीबोर्डचं सोंग घेऊन बटणं दाबतो, आणि मराठी कीबोर्डवर वरच्या रांगेतली बटणं दाबली की देवनागरी आकडे येतात. डोळ्याला तो ०४१२७ च. सॉफ्टवेअरला तो वेगळाच शब्द, कारण त्याच्याकडे इंग्रजी आकड्यातला आहे. मी आलो की सवयीने आधी इंग्रजी करतो, म्हणून माझ्या हाताला यश.

“प्रत्येक वेळी भाषा बदला” हे सांगून पाहिलं. बाईंनी माझ्याकडे जसं पाहिलं, त्यावरून ते टिकणार नाही हे कळलं. मॅन्युअलच्या शेवटी एक सेटिंग होती: आकडे वरच्या रांगेतून न पाठवता उजवीकडच्या नंबर पॅडमधून पाठव. पॅडवरचे आकडे आमच्या कॉम्प्युटरवर मराठीतही इंग्रजीच येतात. लावली. कुठल्याही भाषेत चालतंय. नवीन यूएसबी गन घेतली तरी ही अडचण येणारच, तीही कीबोर्डच बनते. घेताना ही सोय आहे का विचारून घ्या.

२७ मार्च

दुपारी लाईट गेली, चारला आली. कॉम्प्युटर परत सुरू झाला आणि गन मारली की कर्सर पिसाळल्यासारखा पळायला लागला. मामांचं मत: उन्हामुळे. (उन्हाळा आहे खरा, पण नाही.)

नम लॉक बंद. नंबर पॅडवर नम लॉक नसेल तर शून्य म्हणजे इन्सर्ट, चार म्हणजे डावीकडे, एक म्हणजे एंड, दोन म्हणजे खाली, सात म्हणजे होम. ०४१२७ मारलं की कर्सर एवढी सगळी कसरत करतो आणि शेवटी ओळीच्या सुरवातीला येऊन बसतो. बीप मात्र खणखणीत. बायोसमधे (कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगमधे) ‘सुरू होताना नम लॉक चालू’ केलं.

२ एप्रिल

पाडव्याच्या सुट्ट्यांनंतर आलो तर सगळं बिघडलेलं. देवनागरी आकडे परत, गळती परत. सेटिंगचा कागद काउंटरवर काचेखाली ठेवला होता, गन त्याच्या वरून फिरली आणि नेमका ‘फॅक्टरी डिफॉल्ट’ वाचला गेला. पहिल्या दिवशी जो मारायला हवा होता तो आता आपोआप लागला.

कागदाचे तुकडे केले. लागणारे सहाच कोड एका पुठ्ठ्यावर चिकटवले, क्रमाने, प्रत्येकाखाली मराठीत काय ते लिहून, आणि पुठ्ठा कपाटात. डिफॉल्टचा कोड माझ्या घरी.

९ एप्रिल

देवघेवीत बीपनंतर आपोआप एंटर जातो, ते सोयीचं. नवीन पुस्तक भरताना तोच एंटर अर्धवट फॉर्म सेव्ह करून टाकतो. नुसता क्रमांक, नाव नाही, लेखक नाही, अशी सतरा पुस्तकं यादीत सापडली. एंटरऐवजी टॅब पाठवायची सेटिंग आहे, पण दिवसातून दोनदा बदलणं बाईंना जमणार नाही आणि मलाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या विद्यार्थ्याला सांगून फॉर्ममधे क्रमांकाचा रकाना सगळ्यात शेवटी नेला. आधी नाव-लेखक-किंमत, मग गन. बॉक्सला हात लावला नाही.

लेबलावर सेलोटेप लावू नये, हेही आज ठरलं. मामांनी प्रेमाने दोनशे पुस्तकांना लावली होती. चकाकीमुळे गन समोरून वाचत नाही, तिरकी धरावी लागते. ती दोनशे तशीच राहतील.

२० एप्रिल

हिशोब: कन्व्हर्टर ४५०, प्रिंट ४०, स्टिकरची दोन पाकिटं १,५००. ११,४०० लेबलांना १७६ पानं लागतील, वाया गेली चौदा, म्हणजे दोनशेतून दहा उरतील. लातूरच्या दोन फेऱ्या माझ्या खिशातून. माझे तास मोजले तर एकतीस. लातूरलाच नवी यूएसबी गन १,८०० ला मिळत होती. फुकटची गन स्वस्त पडली असं मी समितीला सांगितलेलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. नवी घेतली असती तरी स्टिकर, चौकट, देवनागरी आकडे, नम लॉक आणि एंटर यांतलं काहीच टळलं नसतं. ५ ते १८ मार्च तेवढे वाचले असते.

आजपर्यंत २,३१० पुस्तकांना लेबल लागलं. बाई आता बीपकडे लक्ष देत नाहीत, मारलं की आधी स्क्रीनवरचं पुस्तकाचं नाव वाचतात. मामा लेबल चिकटवतात, मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला वर उजवीकडे, टेप न लावता. कवितांचं कपाट उद्यापासून. त्यातल्या कितीतरी पुस्तकांचे दाखल क्रमांक जुन्या रजिस्टरात दोनदा पडलेत असं आज दिसलं, ते आधी निस्तरायला लागेल.